विंडोज १० संपलं. घरचा कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचाय, पण टॅली, श्रीलिपी आणि प्रिंटरचं काय?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लिनक्सवरचे (विंडोजच्या जागी टाकता येणाऱ्या मोफत सिस्टिमवरचे) जुने धागे चाळले. बहुतेक ठिकाणी ‘कुठलं डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा कुठला अवतार) भारी’ यावरच प्रतिसादांची शंभरी भरलेली दिसली. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. घरातलं एकही काम न अडता हे जमतं का?

घरी दोन यंत्रं आहेत. डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-५चा, ८ जीबी रॅम, जुनी फिरती हार्ड डिस्क. त्याला विंडोज ११ घेत नाही, कारण मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची साधारण आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात हवी. विंडोज १०चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. वाढीव सुरक्षा अपडेटची सोय घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच. दुसरा लॅपटॉप, अकराव्या पिढीचा, त्यावर विंडोज ११ आहे.

आता कामं. यजमानांचं हार्डवेअरचं दुकान आहे (नटबोल्टवालं हार्डवेअर), त्याची टॅली (हिशेबाचा प्रोग्रॅम) डेस्कटॉपवर. सासरे निवृत्त शिक्षक, श्रीलिपीत टाइप करतात. संस्थेच्या स्मरणिका, लेख, पत्रं, सगळं त्यातच. प्रिंटर एचपी लेसरजेट १०२०. लेक अकरावीत: पायथन, झूम आणि गेम. माझं काम बँक, सातबारा आणि पतसंस्थेकडून येणाऱ्या वर्डच्या फायली.

चालतं यंत्र भंगारात द्यायचं नाही, आणि विनाअपडेटच्या विंडोजवर बँकेचे व्यवहारही करायचे नाहीत. मार्ग सुचवा.

शंकासुर

मी कोपऱ्यात शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

पेंग्विनपंथी

अभिनंदन ताई, योग्य निर्णय! डोळे झाकून लिनक्स मिंट टाका. सध्याची २२ ही मालिका उबुंटू २४.०४वर उभी आहे, २०२९पर्यंत अपडेट मिळतील. त्यातलं सिनॅमन हे रूप घेतलंत तर डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, घरच्यांना फरकसुद्धा कळणार नाही. टॅली, श्रीलिपी वगैरे वाइनमध्ये चालतं सगळं. विषय संपला.

जमाखर्च

‘वाइनमध्ये चालतं सगळं’ हे वाक्य एखाद्या दुकानदारासमोर ३१ मार्चला बोलून दाखवा.

ताई, वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवायचा प्रयत्न करणारा मधला थर. १९९३पासून त्यावर काम चालू आहे आणि ते थोर आहे, वादच नाही. पण अकाउंटिंगचं पॅकेज नुसतं उघडून भागत नाही. लायसन्स टिकलं पाहिजे, बिल छापलं गेलं पाहिजे, पुढचं रिलीज आलं तरी चाललं पाहिजे. आज चाललं म्हणून उद्या चालेल याची हमी ना टॅलीवाले देणार, ना वाइनवाले.

तुमच्याकडे विंडोज ११चा लॅपटॉप आहे, मग टॅली तिकडे हलवा. क्रम मात्र चुकवू नका. आधी टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि डेटाचं फोल्डरही वेगळं कॉपी करून ठेवा. मग डेस्कटॉपवरच्या टॅलीतून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे ते त्या यंत्रावरून मोकळं होतं. त्यानंतर लॅपटॉपवर ॲक्टिव्हेट. आधी डिस्क पुसली आणि सरेंडर राहिलं, की सपोर्टला फोन लावत बसायची वेळ येते.

जीएसटीचं टेन्शन घेऊ नका. यजमान प्रोप्रायटर असतील तर रिटर्न ईव्हीसीने, म्हणजे ओटीपीवर जातं, ब्राउझर कुठल्याही सिस्टिमवरचा चालतो. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचर सक्तीची, ते यूएसबी टोकन गुपचूप विंडोजवरच ठेवायचं. आयकराचं रिटर्न पोर्टलवर ऑनलाइन भरा. एक्सेलची मॅक्रोवाली युटिलिटी लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी लिनक्सवर वापरतात ते मोफत पॅकेज) उघडायच्या भानगडीत पडू नका.

कृष्णाकाठ

प्रोप्रायटरच आहेत. सरेंडरचं माहीत नव्हतं, बरं झालं विचारलं. पण मग लॅपटॉप दिवसभर दुकानात जाणार आणि लेकीला डेस्कटॉप उरणार, म्हणजे डेस्कटॉपवर तिचं सगळं चाललं पाहिजे.

पेंग्विनपंथी

जमाखर्च साहेब, व्हर्च्युअलबॉक्स नावाची चीज असते. मिंटच्या आत खिडकीत विंडोज, विंडोजमध्ये टॅली. लॅपटॉपला हात लावायची गरज नाही.

जमाखर्च

८ जीबीत? चार त्या आतल्या विंडोजला दिले, उरलेल्या चारात मिंट, ब्राउझर आणि अकरावीतली मुलगी. शिवाय आतलं विंडोज १० असेल तर अपडेट त्यालाही बंदच, आणि ११ टाकायचं तर त्याचं वेगळं लायसन्स. सोय चांगली आहे, पण वर्षातून चारदा लागणाऱ्या प्रोग्रॅमसाठी. रोजच्या बिलांसाठी नाही.

टंकमुनी

मी टायपिंगचा क्लास चालवला आहे, त्यामुळे श्रीलिपीबद्दल बोलतो.

सासऱ्यांच्या कामाचे दोन भाग करावेत: जुने वाचणे आणि नवे लिहिणे. जुन्या फायलींमध्ये खरे पाहता मराठी अक्षरे नसतातच. आत रोमन संकेत असतात आणि फाँट त्यांना मराठी मुखवटा चढवतो. त्यामुळे तो फाँट विंडोजमधून उचलून मिंटमध्ये बसवला की फाइल लिब्रेऑफिसमध्ये पूर्वीसारखी दिसते. बसवायचे म्हणजे फाँटच्या फायलीवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणायचे. वाचायला आणि छापायला एवढे पुरते. त्यात शोध चालत नाही, आणि मजकूर मेलमध्ये चिकटवला तर समोरच्याला चिन्हांचा चिवडा दिसतो. पण ते विंडोजवरही तसेच होते.

नवे लिखाण मात्र युनिकोडमध्येच व्हावे, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरेच राहतात. श्रीलिपीची टायपिंगची यंत्रणा विंडोजसाठी बनलेली आहे, तिला ओढत नेऊ नये. ते कोणत्या कळफलकावर टाइप करतात? पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

कृष्णाकाठ

काका, रेमिंग्टन. टाइपरायटरवर शिकलेले आहेत, कीबोर्डकडे बघतसुद्धा नाहीत. म्हणूनच धास्ती वाटते. पंचाहत्तरीच्या माणसाला ‘आता इन्स्क्रिप्ट शिका’ हे सांगायला मी जाणार नाही.

टंकमुनी

सांगूही नका. मिंटमध्ये आयबस नावाची टायपिंगची सोय असते. तिच्यासोबत ‘आयबस-एम१७एन’ हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. मग मराठीखाली इन्स्क्रिप्ट, आयट्रान्स, फोनेटिक, रेमिंग्टन, टाइपरायटर अशी रांग दिसेल. गमभनसुद्धा आहे त्यात! मराठी संकेतस्थळांवर ज्यांची बोटे गमभनवर तयार झाली त्यांना घरी आल्यासारखे वाटेल.

रेमिंग्टनच्या सवयीच्या माणसाला एकच गोष्ट आधी दाखवून द्या. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडच्या पोटात क्रम उच्चाराचा असतो: आधी व्यंजन, मग वेलांटी, आणि रफाराचा अर्धा र सगळ्यांच्या आधी. कळफलकाचा प्रोग्रॅम हा क्रम आतल्या आत फिरवतो, पण बॅकस्पेस मारला की काय खोडले जाईल त्याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. हात बसेपर्यंत शब्द अडला तर पूर्ण खोडून पुन्हा टाइप करायला सांगा.

जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या झाल्या तर परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर आंधळा विश्वास नको. ‘विद्यार्थी’ हा शब्द टाकून पाहा. पहिली वेलांटी, जोडाक्षर आणि दुसऱ्या वेलांटीसकट रफार, तिन्ही परीक्षा एकाच शब्दात होतात. तो सुटला तर बाकी बरेचसे सुटते. त्यानंतर ‘तऱ्हा’, ‘सुऱ्या’ तपासा.

बेळगावी कुंदा

टंकमुनी सरांना साष्टांग. डीटीपीवाला म्हणून माझी भर.

लिब्रेऑफिस टाकल्यावर बऱ्याच जणांची तक्रार असते की ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात. फाँट वाईट आहे म्हणून दुसरा शोधत बसतात. खरी गोम भाषेच्या सेटिंगमध्ये. नोटो देवनागरीसारख्या चांगल्या फाँटमध्ये मराठी वळणाचा ल आणि श दोन्ही असतात, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचं प्रोग्रॅमला कळलं तरच ते बाहेर येतात. लिब्रेऑफिसच्या पर्यायांत भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची खूण करा आणि तिथे हिंदीच्या जागी मराठी निवडा. जुना मजकूर असेल तर तो सिलेक्ट करून त्याचीही भाषा बदला. ल डोळ्यांसमोर वळण बदलतो, बघण्यासारखं असतं.

फाँट राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा, यशोवेणु घ्या, किंवा एक टाइपचा मुक्त. सगळे मोफत.

आणि कुणी फ्लेक्स-पत्रिकांचं काम कोरलमध्ये (कोरलड्रॉ, डिझाइनचा प्रोग्रॅम) करत असेल तर त्यांनी हा धागा वाचून चळू नये. इंकस्केप हा लिनक्सवरचा मोफत प्रोग्रॅम कोरलच्या फायली उघडतो, पण उघडणं वेगळं आणि गिऱ्हाईक दारात उभं असताना तीच फाइल दुरुस्त करून देणं वेगळं. मी स्वतः दुकानात विंडोज, घरी मिंट.

शंकासुर

शेंगदाणे संपले म्हणून बोलतो. म्युनिक शहराच्या पालिकेने वाजतगाजत लिनक्स आणलं आणि काही वर्षांनी परत विंडोजचा रस्ता धरला. अख्ख्या पालिकेला जमलं नाही ते सांगलीच्या एका घराला जमणार?

इसारकाठी

म्युनिकमध्येच राहतो, त्यामुळे राहवलं नाही. निर्णय २००३चा, २०१३पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास यंत्रं हलवली, आणि २०१७ला पालिकेने परत फिरायचं ठरवलं. त्यात राजकारणाचाही वाटा होता, पण कर्मचाऱ्यांची खरी कुरकुर होती ती खात्याखात्याच्या खास प्रोग्रॅमची आणि बाहेरून येणाऱ्या कागदपत्रांची मांडणी बिघडण्याची. म्हणजे जमाखर्च जे टॅलीबद्दल सांगताहेत तेच, मोठ्या आकारात. आणि गोष्ट तिथे संपली नाही. याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४मध्ये तीस हजार यंत्रं लिब्रेऑफिस आणि पुढे लिनक्सवर नेण्याचं जाहीर केलं. इतक्या लांब कशाला, केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवताहेत.

पतसंस्थेच्या वर्ड फायलींबद्दल: वाचायच्या असतील तर निर्धास्त राहा. तक्ते आणि लेटरहेड असलेली फाइल दुरुस्त करून परत पाठवायची असेल तर आधी एकदा पाठवून तिकडे कशी दिसते ते विचारा. ओन्लीऑफिस नावाचं मोफत पॅकेज आहे, ते वर्डची मांडणी जास्त जपतं. मी दोन्ही ठेवतो.

भाऊ रिपेअरवाले

एवढं सगळं वाचलं, पण मुद्द्याचं कोन बोललंच न्हाई. ताई, ती फिरती डिस्क बदला आधी. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकल्याबिगर मिंट टाका न्हाईतर आणि काय टाका, यंत्र कण्हतच चालणार. सहाव्या पिढीचा आय-५ म्हणजे वाघ हाय, त्याला खाली दगड बांधून पळायला लावलंय तुम्ही.

आणि यात दुसरा फायदा. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवायची, विंडोज, टॅली, श्रीलिपी सगळ्यासकट. नवी एसएसडी लावायची आणि तिच्यावर मिंट. जुन्या डिस्कची केबलच निघालेली असली की चुकून पुसायचा प्रश्नच येत न्हाई. काय राहिलंच तर परत केबल लावा, विंडोज हाय तसं उठतंय. एकाच डिस्कवर दोन सिस्टिमचं पार्टिशन करायच्या नादात लोकं माझ्याकडं येत्यात, म्हणून सांगतो.

टाकायच्या आधी पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून बघा, इन्स्टॉल न करता. वायफाय दिसतंय का, आवाज येतोय का, कीबोर्डवर मराठी उठतंय का. पेन ड्राइव्हवरून हळू चालणार, त्यावर जाऊ नका.

प्रिंटर १०२० लिनक्सवर चालतोय. फक्त त्याची गंमत अशी, की त्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर, म्हंजे त्याला चालवणारा प्रोग्रॅम, राहत न्हाई. बंद करून चालू केला की प्रत्येक वेळी कॉम्प्युटरनं ते पाठवायचं असतंय. विंडोजवर ड्रायव्हर ते गुमान करतो म्हणून कळत न्हाई. मिंटमध्ये एचपीचं एचपीलिप असतंय, त्याला जोडीला एक प्लगइन लागतंय, ते नेटवरून उतरवून घेतलं की झालं. पुढं कधी एचपीलिप नवं आलं आणि प्रिंटर गप बसला, तर प्लगइन त्याच आवृत्तीचं परत घ्यायचं. एवढंच लक्षात ठेवा.

कोकणकडा

भाऊ, आमच्याकडे कॅननचा एलबीपी २९००बी आहे. त्याचं काय?

भाऊ रिपेअरवाले

तो कॅप्ट नावाची वेगळीच भाषा बोलतो. कंपनीचा लिनक्सचा ड्रायव्हर जुना हाय, नव्या सिस्टिमवर बसवायला चिकाटी लागते. लोकांनी बनवलेला एक खुला ड्रायव्हरबी हाय. तुमच्या घरात एखादं विंडोज यंत्र राहणार असंल तर प्रिंटर त्यालाच ठेवा आणि पीडीएफ तिकडं पाठवून छापा. नवा घ्यायचा असंल तर एप्सनचे टाकीवाले किंवा ब्रदरचे बघा, त्यांचे लिनक्सचे ड्रायव्हर मिळतात.

अकरावी_ब

काकू, मी पण अकरावीत आहे आणि लिनक्स वापरतो, म्हणून तुमच्या लेकीच्या बाजूने एक प्रश्न: ती कुठला गेम खेळते? व्हॅलोरंट असेल तर विसरा, त्याचं अँटी-चीट (खेळातली लबाडी पकडणारा प्रोग्रॅम) लिनक्सवर चालतच नाही. फोर्टनाइटचंही तेच. माइनक्राफ्ट जावा मस्त चालतं, काउंटर-स्ट्राइक २ तर थेट लिनक्ससाठीच येतं. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले बाकीचे पुष्कळ गेम प्रोटॉनमुळे (वाइनवरच उभा असलेला त्यांचा थर) चालतात. जीटीए ५ एकट्याने खेळता येतो, ऑनलाइन मात्र २०२४च्या सप्टेंबरपासून बंद झालं आहे.

पायथन आधीपासूनच असतं. झूमचं लिनक्स ॲप आहे. टीम्सचं वेगळं ॲप बंद केलंय, ते ब्राउझरमध्ये चालतं. एक मात्र बघा, क्लासची ऑनलाइन टेस्ट ‘सेफ एक्झाम ब्राउझर’मध्ये असेल तर त्याला विंडोज, मॅक किंवा आयपॅडच लागतो. तेवढ्यापुरता लॅपटॉप दुकानातून घरी आणावा लागेल.

कृष्णाकाठ

अरे वा, हे कुणी सांगितलंच नसतं. व्हॅलोरंट आहे. म्हणजे घरात सर्वात मोठा विरोध कुठून होणार ते कळलं.

नदीष्ट

सातबाऱ्याचं राहिलं. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याची पीडीएफ मिंटमध्ये उघडते आणि छापते, अडचण फक्त सही तपासण्याची. ॲडोबीने लिनक्ससाठी रीडर केव्हाच बंद केला. ऑक्युलर नावाचा वाचक घ्या, त्यात सह्या दिसतात. ‘प्रमाणपत्र देणारा ओळखीचा नाही’ असं म्हणाला तर घाबरू नका, आपल्याकडचं मूळ प्रमाणपत्र त्याच्या यादीत घालावं लागतं. नुसता छापून तलाठ्याला किंवा बँकेला द्यायचा असेल तर हे काहीच करायची गरज नाही.

कृष्णाकाठ

अपडेट देते. टॅली लॅपटॉपवर गेली, जमाखर्चांच्या क्रमाने. एसएसडी बसवली, मिंट सिनॅमन टाकलं. प्रिंटर प्लगइन उतरवल्यावर चालू झाला. ल-शचं सेटिंग केलं. मामंजींनी रेमिंग्टनवर पानभर मजकूर टाइप करून पाहिला आणि मग शेरा दिला, “अनुस्वार दिसतो तरी नीट.” जुन्या स्मरणिका फाँट बसवून वाचता येतात, कुठल्या युनिकोडमध्ये करून घ्यायच्या त्याची यादी ते स्वतः काढताहेत. ‘विद्यार्थी’ची परीक्षा पहिल्या परिवर्तकाला जमली नाही, दुसऱ्याला जमली.

लेक सध्या बोलत नाहीये.

आता नवीन कोडं. एक फाइल शोधायला जुनी डिस्क परत जोडून विंडोज चालू केलं, तर घड्याळ मागे. मिंटमध्ये दुपारचे चार, विंडोजमध्ये सकाळचे साडेदहा. बोर्डावरचा सेल गेला का? आणि मिंटमधून त्या डिस्कवर काही लिहू गेलं तर ‘फक्त वाचता येईल’ असं म्हणतं.

भाऊ रिपेअरवाले

सेल चांगला हाय, बदलू नका. बरोबर साडेपाच तासांचा फरक हाय बघा. बोर्डावरच्या घड्याळात लिनक्स ग्रीनिचची वेळ लिहितो, विंडोज तीच आपली वेळ समजून वाचतंय. विंडोजनं नेटवरून वेळ सुधारून घेतली, की उलट मिंट थोडा वेळ साडेपाच तास पुढं दाखवंल, मग तेबी नेटवरून सुधारतंय. कायम दोन्ही वापरणार असाल तर मिंटला स्थानिक वेळ धरायला सांगायची एक ओळीची आज्ञा हाय, व्यक्तिगत निरोपात पाठवतो. नुसती फाइल काढण्यापुरतं असंल तर हात लावू नका.

डिस्कचं म्हणाल तर विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतंय. शट डाउन केलं तरी ते अर्धवट झोपलेलं राहतंय, म्हणून मिंट त्या डिस्कवर लिहीत न्हाई, आणि ते चांगलंच करतंय. विंडोजमधनं निघताना शट डाउनच्या जागी रीस्टार्ट दाबा आणि उठताना मिंट निवडा. फाइल मिंटकडं कॉपी करून घ्या, केबल परत काढा.